दीपगृहांवरच्या रेघा

आमच्या घरात दोन माणसं अशी आहेत की त्यांना वाकडं काही खपत नाही. एक माझे यजमान. ते दातांचे डॉक्टर, तेव्हा त्यांचं ते पोटापाण्याचंच काम. दुसऱ्या त्यांच्या थोरल्या भगिनी, म्हणजे माझ्या वन्सं. त्यांनी नगररचनेच्या कचेरीत उभी हयात नकाशे काढले. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी दिवाणखान्यातल्या सगळ्या तसबिरी उतरवल्या आणि पट्टी लावून पुन्हा टांगल्या. मी चहाची कपबशी टेबलावर ठेवली की त्या ती जराशी फिरवतात. कपाचा कान टेबलाच्या कडेला समांतर हवा.

डॉक्टरांना टपाल तिकिटांचा नाद. सरसकट नाही, फक्त दीपगृहांच्या तिकिटांचा. आमच्या गावापासून समुद्र इतका लांब की इथल्या निम्म्या लोकांनी तो चित्रातच पाहिलाय. स्वतः डॉक्टरांना होडीत बसलं की मळमळतं. पण जगात कुठल्याही देशाने दीपगृहाचं तिकीट काढलं की ते आमच्या घरी यायलाच हवं. लग्नानंतर मी एकदा विचारलं होतं, "दीपगृहच का हो?" तर म्हणाले, "अगं नीट बघ, उभा सुळा दिसतो." मी पुढे विचारलं नाही. शिवाय तिकिटाची कडा दातेरी. तिच्यातला एखादा दाता तुटलेला दिसला की त्यांचा चेहरा असा पडतो, जसा कुठल्या पेशंटसमोर कधी पडला नसेल.

तिकिटांच्या खोलीत कुणी जायचं नाही, गेलंच तर बोट लावायचं नाही, बोलताना तोंड तिकिटाकडे करायचं नाही, असे कायदे होते. ते सगळ्यांना लागू होते, वन्संना सोडून. कारण डॉक्टर लहान असताना कचेरीतल्या पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून, सोडवून, वाळवून त्यांना पहिल्यांदा आणून दिली ती वन्संनीच. आई लवकर गेलेली. डॉक्टरांना न्हाऊ घालण्यापासून कॉलेजात धाडण्यापर्यंत सगळं वन्संनीच केलेलं. साठीला टेकलेल्या माणसाला त्या अजून 'बाळ' म्हणतात, तेही दवाखान्यात, पेशंटांच्या देखत.

गावात तिकिटं जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. ही माणसं वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतात, अगदी हळू आवाजात बोलतात आणि कडाकडा भांडतात. अध्यक्ष आहेत घड्याळजी. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे आणि डोळ्याला लावायचं भिंग ते जेवतानासुद्धा कपाळावरून खाली उतरवत नाहीत. ते फुलांची तिकिटं जमवतात. दीपगृहांना ते 'इमारती' म्हणतात. डॉक्टरांना ते फार लागतं.

या मंडळाने एकदा ठरवलं की सभासदांच्या निवडक तिकिटांचं एक रंगीत पुस्तक काढायचं. मुखपृष्ठ घड्याळजींनी अध्यक्ष म्हणून आधीच बळकावलं होतं. पण मधली पानं, जिथे पुस्तक आपोआप उघडतं ती, बरीच घासाघीस होऊन डॉक्टरांच्या वाट्याला आली. आठवडाभर डॉक्टर शीळ घालत दात काढत होते. पेशंट बिचकायचे.

मग टपाल खात्याचं परिपत्रक आलं. तिकिटांची चित्रं छापायची तर त्याचे नियम असतात, हे मंडळाला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी जेवताना ते मोठ्याने वाचलं. "टपाल तिकिटांची रंगीत प्रतिकृती छापावयाची झाल्यास ती मूळ तिकिटाच्या पाऊणपटीहून लहान किंवा दीडपटीहून मोठी असावी. मूळ आकारात छापावयाची झाल्यास तिकिटाच्या किमतीवर ठळक काळी रेघ मारलेली असावी."

"पाऊणपट!" डॉक्टरांनी घास खाली ठेवला. "म्हणजे दीपगृहाची काडेपेटीतली काडी होणार."

"मग मोठी छापा," मी म्हटलं.

"मोठी? अगं, एखाद्याला दीडपट मापाची कवळी बसवली तर चालेल का? तिकीट म्हणजे तिकिटाएवढंच!"

वन्संनी हात पुढे करून कागद मागितला. चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मागची कोरी बाजूही पाहिली. "कारण काय म्हणे?"

"कुणी चित्र कापून पाकिटाला चिकटवू नये म्हणून."

"योग्यच आहे."

"ताई, एवढं जाड पुस्तक घ्यायचं, त्यातलं पान कापायचं, डिंक लावायचा आणि त्यावर पत्र पाठवायचं. असं कोण करेल?"

"चोर," वन्सं म्हणाल्या आणि जेवू लागल्या.

दोन-चार दिवस डॉक्टरांनी नुसता जीव जाळला. मग आम्ही दोघं छापखान्यात गेलो. छापखाना एका बाईंचा आहे. जन्मभर यंत्रांच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झालाय की यंत्र बंद असलं तरी त्या ओरडूनच बोलतात. त्यांना मंडळाची मंडळी म्हणजे डोक्याला ताप वाटतो. "काळं-पांढरं करून टाका!" त्या ओरडल्या. "त्याला नियम नाही, कटकट नाही!"

"लाल दीपगृह काळं-पांढरं?" डॉक्टर कळवळून म्हणाले.

"मग रेघ मारा!"

"बारीक चालेल?"

"ठळक लिहिलंय!"

शेवटी बाईंनी त्यांना एका बाजूला घेऊन रीत समजावून सांगितली. अल्बमचं पान जसंच्या तसं छापखान्यात आणायचं. त्यावर एक पारदर्शक कागद पसरायचा. तिकिटाची किंमत जिथे असेल तिथे त्या वरच्या कागदावर काळी रेघ ओढायची आणि मग दोन्हींचा मिळून फोटो काढायचा. तिकिटाला धक्का नाही आणि नियमालाही नाही. डॉक्टरांनी मान डोलावली. मीही डोलावली. वन्सं तिथे नव्हत्या.

पानं घरी तयार झाली. पारदर्शक कागद आणायचा राहिला होता, तो डॉक्टर सुट्टीच्या दिवशी आणणार होते. त्याच्या आधीच छापखान्यातून फोन आला. दवाखान्यात मी डॉक्टरांच्या मदतीला असते; आम्ही दोघं खाली दवाखान्यात, त्यामुळे फोन वन्संनी घेतला. त्यांचं काय बोलणं झालं ते मला नंतर दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळालं आणि दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात, हीच त्यातली गंमत.

बाई मागच्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाल्या, "डॉक्टरांना सांगा, पानं लगेच हवीत! रेघा मारून पाठवा, मी इथे रेघा मारत बसणार नाही!"

"रेघा कशावर मारायच्या?" वन्संनी विचारलं. खरं तर याहून नेमका प्रश्न कुणी विचारू शकलं नसतं.

"किमतीवर हो, किमतीवर! कागदात लिहिलंय ना!"

वन्संनी कागद पुन्हा काढला. तिकिटाच्या किमतीवर ठळक काळी रेघ मारलेली असावी. स्वच्छ लिहिलं होतं. त्यांनी आपली नकाशाची पेटी उघडली. कचेरीतून निरोप घेताना सहकाऱ्यांनी दिलेली ती पेटी, तिच्यात रेघा ओढायचं पितळी पेन आणि नकाशाच्या काळ्या शाईची बाटली. हात साबणाने धुतले, पुसले, वर पांढरे हातमोजे चढवले. तिकिटांना बोट लावायचं नाही हा नियमही त्यांना ठाऊक होता.

आम्ही परतलो तेव्हा त्या मोरीत पेन धूत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्या निवृत्त झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

"बाळ, तुझं काम झालं," त्या म्हणाल्या.

"कुठलं?"

"ये, दाखवते."

आम्ही मागोमाग गेलो. खिडकीजवळच्या टेबलावर पानं ओळीने मांडलेली. वरून बघताना मला आधी वाटलं, काय सुरेख दिसतंय. प्रत्येक तिकिटावर, किमतीच्या आकड्यातून आरपार, एक काळीभोर रेघ. सगळ्या एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या, एकाच कलाच्या. जणू सगळ्या दीपगृहांवर एकाच दिशेने वारा सुटलाय.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली, बसले, मग उठले, मग भिंग घेतलं. पहिल्या पानावरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. मान हळूहळू खांद्यात शिरत होती.

"ताई," तिथूनच आवाज आला, "ही खरी तिकिटं आहेत."

"मग? खोट्यावर मारून काय उपयोग?"

"सगळ्यांवर मारलीस?"

"सगळ्यांवर. एक पानावर नव्हतं, निळ्या डबीत वेगळं होतं. तुझ्या नजरेतून सुटलं असेल म्हणून तेही केलं."

निळ्या डबीतलं म्हणजे लाल दीपगृह. ते मिळवायला डॉक्टरांनी किती वर्षं किती जणांना पत्रं लिहिली होती ते मला ठाऊक आहे, कारण पाकिटं मीच टाकायची. डॉक्टरांनी पाणी मागितलं. मी दिलं. ते प्यायले नाहीत, नुसतं हातात धरून बसले.

"वाळायला वेळ लागला," वन्सं सांगत होत्या. "पण एकही पसरली नाही बघ. कागद गुळगुळीत होता तरी."

डॉक्टर उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते इतकं हळू लावलं की मला धडकी भरली.

मग आमच्याकडे अबोला सुरू झाला. त्यांच्या हातून काय झालं हे वन्संना मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तसं लिहायला हवं होतं." एवढंच. जेवायला दोघं समोरासमोर बसायचे. डॉक्टर मला म्हणायचे, "मीठ दे." मीठ वन्संच्या हाताशी असायचं. वन्सं ते माझ्याकडे सरकवायच्या, मी पुढे सरकवायचे. दवाखान्यातही तेच. डॉक्टर पेशंटशी 'आ करा' आणि 'मिटा' यापलीकडे बोलेनात. एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "माझं काही गंभीर आहे का हो?"

या काळात डॉक्टरांनी शाई काढायचे प्रयोगही करून पाहिले. दातांवरचे डाग घालवायला दवाखान्यात नाना प्रकारची औषधं असतात. त्यांतलं एक कापसाच्या बोळ्यावर घेऊन त्यांनी एका स्वस्तातल्या तिकिटावर हळूच फिरवलं. आधी समुद्र गेला. मग आकाश गेलं. मग दीपगृह गेलं. शेवटी पांढऱ्या चौकोनावर रेघ तेवढी जागच्या जागी राहिली.

वन्सं दारातून पाहत होत्या. "ती शाई निघायची नाही," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "आमच्या कचेरीत पुराचं पाणी शिरलं होतं. भिंती गेल्या, नकाशे राहिले."

हे सांत्वन म्हणून बोललं गेलं असावं. डॉक्टरांना ते तसं वाटलं नाही.

त्यानंतर एके दिवशी सकाळी वन्सं बाहेर जायचे कपडे घालून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. बगलेत परिपत्रक. "टपालाच्या मुख्य कचेरीत जायचंय. तू चल."

"कशाला?"

"ते वाक्य दुरुस्त करायला."

मुख्य कचेरीत तिकिटांच्या छपाईचा विभाग वरच्या मजल्यावर आहे. तिथले अधिकारी गृहस्थ पातळ केसांचे, मऊ बोलणारे. आपल्याकडे कुणी येतं याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. त्यांनी खुर्च्या स्वतः पुसून दिल्या. वन्सं बसल्या आणि कागद त्यांच्यापुढे सरळ करून ठेवला. "हे वाचा."

त्यांनी वाचलं.

"मोठ्याने."

त्यांनी मोठ्याने वाचलं.

"रेघ कशावर मारायची?"

"अर्थातच चित्रावर."

"चित्र हा शब्द कुठे आहे?"

अधिकाऱ्यांनी कागदावर बोट फिरवलं. बोट 'प्रतिकृती' या शब्दापाशी थांबलं. "हा पाहा."

"तो पहिल्या वाक्यात आहे. दुसऱ्या वाक्यात काय आहे?"

"...तिकिटाच्या किमतीवर."

"म्हणजे तिकिटावर."

"बाई, पण कुणालाही कळेल की खऱ्या तिकिटावर कोण कशाला रेघ मारेल!"

"मला कळलं नाही," वन्सं म्हणाल्या. "मी कुणीही नाही का?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी पिशवीतून एक पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मग ते फार हळू आवाजात म्हणाले, "अरेरे." आणि थोड्या वेळाने, "पण काय रेघ आहे हो."

"पूर्वीचं कसब आहे," वन्सं म्हणाल्या.

शेवटी त्यांनी कबूल केलं की वाक्यात फट आहे. लेखी सूचना द्या, वर पाठवतो, म्हणाले. वन्संनी तिथेच बसून, सुटी सुटी अक्षरं काढून ती लिहून दिली, आणि निघताना त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं.

परत येताना त्या बागेतल्या बाकावर टेकल्या. मला वाटलं, जिंकून आल्यात, खूश असतील. तर म्हणाल्या, "तो रडला का गं?"

"नाही."

"लहानपणीही रडायचा नाही. गप्प बसायचा. गप्प बसला की मला काय करावं सुचायचं नाही. मग मी त्याच्या वह्या आखून द्यायची."

"त्यांना एकदा सॉरी म्हणून टाका ना, वन्सं."

"मी कुणाला कधी म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या, अगदी प्रामाणिकपणे, जशी पोहता येत नसलेल्या माणसाने कबुली द्यावी. मग त्यांनी गालाला हात लावला आणि मला आठवलं की गेले कितीतरी महिने त्या एकाच बाजूने चावतात. भाऊ दातांचा डॉक्टर, घराखाली दवाखाना, पण वन्संनी त्यांना आजवर तोंडात डोकावू दिलं नव्हतं. आपण ज्याला जेवण भरवलं त्याच्यासमोर आ करायचा, हे त्यांना पटत नव्हतं. खरं कारण भीती, हे सगळ्या घराला ठाऊक होतं, पण तसं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी नेहमीप्रमाणे पुढचं नाव पुकारायला गेले, तर बाहेरच्या बाकावर वन्सं. रांगेत. हातात पर्स घट्ट धरलेली, ओठ पांढरे पडलेले.

मी त्यांना आत घेतलं. डॉक्टरांनी मान वर केली आणि हातातला आरसाच खाली पडला त्यांच्या.

"दाढ दुखतेय," वन्सं म्हणाल्या. कित्येक दिवसांत त्या त्यांच्याशी पहिल्यांदा बोलल्या.

"बस," डॉक्टर म्हणाले. तेही पहिल्यांदाच.

दाढ काढावीच लागणार होती. डॉक्टरांनी भूल दिली. हिरडी बधिर झाली, ओठाचा कोपरा लोंबला. मग त्यांनी दोन्ही गालांत कापूस भरला, मी लाळेची नळी धरून उभी राहिले, आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं असावं की आयुष्यात पहिल्यांदा आपली बहीण समोर आहे आणि तिला बोलता येत नाही.

"जीभ आत घे," ते म्हणाले. मग चिमटा उचलून, "ताई, तुला आठवतं, मी सूर्य काढला होता? चित्राच्या वहीत?"

"आँ," वन्सं म्हणाल्या.

"तू समास आखून दिलेला. माझा सूर्य समासाबाहेर गेला. तू तो खोडलास. मी आत काढला तर तो डोंगरापेक्षा लहान आला."

"ऑऑ."

"बोलू नकोस. मी कॉलेजात भूगोल घेणार होतो. अर्ज तू भरलास. त्यात दात निघाले. हिला बघायला गेलो तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तू हो म्हणालीस." इथे मी नळी जरा जोरात दाबली. "ते एक बरं झालं," ते घाईने म्हणाले. "पण ताई, मला विचारलं कुणी? दवाखान्याची पाटी, खोलीतला पलंग, माझ्या शर्टांच्या घड्या, सगळं सरळ केलंस तू. मी कधी काही म्हटलं? एक खोली माझी होती. एक डबी माझी होती. रेघ मारायच्या आधी एकदा, फक्त एकदा विचारायचं होतंस. 'बाळ, मारू का?' बस्स. इतकंच. आ मोठा कर."

हे सगळं ते इतक्या शांतपणे, दाढ हलवत हलवत बोलले की बाहेरच्या बाकावर कुणाला काही कळलं नसेल. वन्संच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात जात होतं.

"दुखतंय?" डॉक्टर घाबरले.

वन्संनी नाही म्हणून मान हलवली. त्याच झटक्यात दाढ निघाली.

चूळ भरून झाल्यावर त्यांनी रुमालाने तोंड टिपलं. मग लोंबलेल्या ओठातून म्हणाल्या, "इचाराय हवं होतं."

"काय?"

"एकदा म्हटलंय. पुना म्हणार नाही."

डॉक्टरांनी त्यांच्या गालाला बर्फाची पिशवी लावली. स्वतः धरून बसले. दारापर्यंत पोचवलं तेव्हा वन्सं वळल्या. मला वाटलं, आता आणखी काही हळवं बोलणार.

"सूल्य समासाबाहेल नसतो," त्या म्हणाल्या आणि जिना चढून वर गेल्या. डॉक्टर दारात उभे राहून इतके हसले की पुढच्या पेशंटने परत जायचा विचार केला.

उशीर तर झालाच होता, पानं मग तशीच छापखान्यात नेली. आम्हां तिघांनाही जावं लागलं, कारण कुणी एकट्याने सांगायचं धाडस करेना. छापखान्याच्या बाईंनी पान उजेडात धरलं. "पारदर्शक कागद कुठाय?"

"नाहीये," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी रेघेवरून नख फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर फोनवरचं सगळं संभाषण एकेक करून उमटत गेलेलं मला दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू बोलल्या. "अगं बाई गं."

मग त्यांनी भिंग घेतलं. एक पान, दुसरं पान. "हे हाताने मारलंय?" त्यांनी वन्संना विचारलं. "माझ्या यंत्रातून अशी रेघ निघत नाही. तुम्ही सध्या काय करता?"

"निवृत्त आहे," वन्सं म्हणाल्या.

"ते सोडून द्या आणि इथे या," बाई पुन्हा ओरडल्या. वन्संचे कान लाल झाले. त्या लाजू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुस्तक निघालं. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत समारंभ झाला. घड्याळजींनी आपली फुलं दीडपटीहून मोठी छापून घेतली होती. त्यामुळे नियम पाळला गेला, पण गुलाब कोबीसारखे दिसत होते. डॉक्टरांची दीपगृहं मात्र मापात, रंगात आणि रेघेसकट झोकात उभी. लोक मधलं पान उघडून तिथेच थांबत होते. हे घड्याळजींना कसं सोसावं? त्यांनी सभासदांची मूळ पानं भिंतीवर काचेखाली लावायचा आग्रह आधीच धरला होता. आता ते कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढून डॉक्टरांच्या पानांपाशी गेले. वाकले. आणखी वाकले. मग ताठ होऊन त्यांनी सबंध खोलीला ऐकू जाईल असं म्हटलं, "डॉक्टर, ही रेघ तिकिटावर आहे!"

तिकिटं जमवणाऱ्यांच्या सभेत यापेक्षा भयंकर वाक्य उच्चारता येत नाही.

"हो," डॉक्टर म्हणाले.

"खऱ्या तिकिटावर!"

"माझ्या बहिणीने मारलीय. खात्याने जसं लिहिलंय तसं केलंय तिने, शब्दशः. बाकी सगळ्यांनी अंदाजाने केलंय."

घड्याळजी हसायच्या बेतात होते. पण पाहुणे म्हणून टपाल कचेरीतले तेच मऊ बोलणारे अधिकारी आले होते. वन्संना पाहिल्यापासून ते एका खांबाच्या आडोशाला उभे होते. तिथून ते नाइलाजाने पुढे आले. "बाईंचा मुद्दा बरोबर होता," ते म्हणाले. "खात्याने वाक्य बदललंय. 'छापील चित्रातील किमतीवर' असं. आणि कंसात 'मूळ तिकिटावर नव्हे'. कालच वरून मंजुरी आली."

वन्संनी मान हलवली. "कंस कशाला? वाक्यातच बसवता आलं असतं."

अधिकारी पुन्हा खांबाआड गेले.

लोक पांगल्यावर घड्याळजी डॉक्टरांजवळ आले. भिंग कपाळावर, आवाज खाली. त्यांच्या स्वतःच्या घरी नातवाने एकदा जास्वंदीच्या तिकिटाला मिशा काढल्या होत्या, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते आता सांगितलं. मग म्हणाले, "माझ्याकडे एक दीपगृह आहे. खाली कोपऱ्यात रानफूल आहे म्हणून ठेवलं होतं. तुम्ही घ्या. पण..." त्यांनी वन्संकडे चोरून पाहिलं, "कुलपात ठेवा."

वन्सं आता छापखान्यात जातात. समास आखतात, चौकटी आखतात, कुणाचं वाक्य दोन अर्थांचं असेल तर ते छापायला देत नाहीत. छापखान्याच्या बाई मला अधूनमधून फोन करून ओरडतात, "यांना घरी घेऊन जा हो! एका साबणवाल्याला परत पाठवलंय, 'साबण डोळ्यात गेल्यास लगेच धुवावा' लिहिलं म्हणून! विचारतायत, साबण का डोळा?" आणि मी खरंच न्यायला गेले की म्हणतात, राहू द्या, काम पुष्कळ आहे.

घड्याळजींनी दिलेलं दीपगृह डॉक्टरांनी कुलपात ठेवलं नाही. ते घरी आणलं त्या संध्याकाळी ते खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "ताई, बघायचंय?"

वन्सं हात पाठीशी घट्ट बांधून आत गेल्या आणि टेबलावर वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मी दारातच थांबले होते.

"कललंय जरा," त्या म्हणाल्या.

"दीपगृह की तिकीट?"

"दोन्ही," वन्सं म्हणाल्या. पण हात पाठीशीच ठेवले.